नवजात बाळांची श्रवण तपासणी: मशीन पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

प्रसूतिगृहात बाळाचे कान तपासणारं ओएई मशीन येतं, कंपनीचा माणूस अर्ध्या तासात डेमो देऊन जातो आणि सोमवारपासून काम सुरू करा असा निरोप मिळतो. ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्या स्टाफ नर्स, एएनएम आणि नुकत्याच पास झालेल्या ऑडिओलॉजिस्ट यांच्यासाठी हा लेख आहे. बाळाचे आईवडील वाचत असतील तर त्यांनाही फायदा होईल. आपल्या बाळाची तपासणी नीट झाली की नुसती उरकली, हे ओळखता येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. मशीन चालवणं आठवडाभरात हाताला बसतं. अवघड असतं ते ‘रेफर’ आलेलं, म्हणजे पास न झाल्याने पुन्हा तपासायचं बाळ परत आणणं. आपल्याकडे बहुतेक बाळं सुटतात ती पहिल्या तपासणीत नव्हे, तर पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या काळात. म्हणून इथे मशीनइतकीच जागा मी रजिस्टरला, फोन नंबरला आणि बाळाच्या आजीशी करायच्या बोलण्याला देणार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी

दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो. एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात राहून आलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त. श्रवणदोष असलेल्या दहापैकी नऊहून अधिक बाळांचे आईवडील स्वतः चांगले ऐकणारे असतात. तेव्हा ‘आमच्या दोन्ही घरांत कुणालाच असं नाही’ या वाक्यावर विसंबता येत नाही. जनुकीय बहिरेपण बरेचदा आई आणि वडील दोघांकडून तोच दोष आला तरच बाळात दिसतं. त्या दोघांच्या कानांना काहीही झालेलं नसतं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे तिथे ही शक्यता वाढते. नात्यात लग्न झालंय का, हे जरूर विचारा. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं विचारू नका.

बाळाकडे बघून काही कळत नाही, ही खरी पंचाईत. ऐकू न येणारं बाळ रडतं, हसतं, पहिले काही महिने हुंकारही देतं. घरी थाळी वाजवून बघतात आणि बाळ दचकलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण थाळी जवळ वाजवली की हादरा बसतो, वारा लागतो, वाजवणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर हलतो. शिवाय दोष मध्यम असेल किंवा एकाच कानाला असेल, तर थाळी ऐकू येतेच. ऐकू येत नाही ते बोलणं. असं मूल दोन-अडीच वर्षांचं होतं आणि मग ‘अजून बोलत नाही’ म्हणून कुणीतरी घेऊन येतं. तोवर ‘त्याचा बापपण उशिराच बोलला होता’ यावर सगळं घर निर्धास्त असतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ख्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत ज्यांचा श्रवणदोष सापडला आणि मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्या मुलांच्या बरीच पुढे होती. जगभर आज १-३-६ हा नियम धरतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. हे तीन आकडे रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

ओएई म्हणजे ओटोअकूस्टिक एमिशन. आतल्या कानात, कॉक्लियात, बाहेरच्या केसपेशींच्या रांगा असतात. आवाज आत गेला की त्या थरथरतात आणि स्वतः अगदी बारीक आवाज निर्माण करतात. तो उलट्या वाटेने पडद्यामागून कानाच्या नळीत येतो. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली हा आवाज मोजून दाखवला. मशीनचा जो भाग कानात घालतात त्या प्रोबमध्ये छोटे स्पीकर असतात आणि एक मायक्रोफोन. आवाज सोडायचा, परत काय येतं ते ऐकायचं, एवढंच मशीन करतं. बाळाने काही करायचं नसतं. झोपलेलं असलं की झालं.

एएबीआर ही दुसरी. कपाळावर, कानामागे किंवा मानेवर चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावतात, कानात सहसा ३५ डेसिबलचे क्लिक सोडतात आणि कानाची नस व मेंदूचा खालचा भाग प्रतिसाद देतात का ते मशीन स्वतःच ठरवतं.

फरक लक्षात घ्या. ओएई कॉक्लियापर्यंतच बघतं, त्याच्या पुढची नस तपासत नाही. काही बाळांत कॉक्लिया उत्तम असतो, पण नसेवरून संदेश नीट जात नाही. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. ओएई अशा बाळाला बिनदिक्कत ‘पास’ देतं. हा प्रकार जास्त दिसतो तो कमी दिवसांची बाळं, जन्मताना प्राणवायू कमी पडलेली बाळं आणि काविळीमुळे ज्यांचं रक्त बदलावं लागलं ती बाळं, यांच्यात. म्हणून नियम असा: पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत किंवा एसएनसीयूत (सरकारी रुग्णालयातल्या आजारी नवजात बाळांच्या कक्षात) राहिलेल्या बाळाला एएबीआरच लागतं. तुमच्याकडे फक्त ओएई असेल तर त्या बाळाचं ओएई करून ‘पास’ लिहून घरी पाठवू नका. जिथे बेरा, म्हणजे एएबीआरचीच सविस्तर निदान तपासणी होते तिथे थेट पाठवा आणि कार्डावर तसं लिहा. घरचे लोक एनआयसीयू म्हणत नाहीत, ‘बाळ काचेत होतं’ म्हणतात. प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारा, नाहीतर उत्तर ‘नाही’ येईल.

मशीनच्या आधी रजिस्टर

नवखी मंडळी नेमकी हीच पायरी शेवटी करतात. बाळाला हात लावण्याआधी एक ओळ पूर्ण भरा: आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि वेळ, वजन, किती आठवड्यांचं, प्रसूती कशी झाली, काचेत होतं का आणि किती दिवस. जुळं असेल तर पहिलं-दुसरं स्पष्ट लिहा. बारसं व्हायचं असतं, त्यामुळे दोन्ही बाळांच्या कागदावर आईचंच नाव असतं आणि सहा आठवड्यांनी कुठलं बाळ कुठलं यावर वाद होतो.

आता फोन नंबर. एक नंबर घेऊन भागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, दीड-दोन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा बाळंतीण सासरी जाते. दिलेला नंबर नवऱ्याचा असतो आणि तो कामावर पुण्याला नाहीतर सुरतेला. म्हणून तीन नंबर लिहा: आईचा स्वतःचा, माहेरचा, सासरचा. शिवाय दोन्ही गावांची नावं, आणि मिळाला तर तिथल्या आशाताईंचा नंबर. नंबर घेतला की समोरच एक मिस्ड कॉल द्या. फोन वाजला तर नंबर खरा.

‘सहा आठवड्यांनी कुठल्या गावी असाल?’ हा प्रश्न मी प्रत्येक बाळंतिणीला विचारते. उत्तर वेगळ्या जिल्ह्याचं आलं तर तिथल्या जिल्हा रुग्णालयाचं नाव आत्ताच तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून देते. सुटे कागद हरवतात. लसीकरणासाठी हे कार्ड मात्र घरात जपून ठेवलेलं असतं.

केव्हा आणि कुठे

पहिल्या चोवीस तासांत ओएई करू नये. बाळाच्या कानाच्या नळीत गर्भजल आणि अंगावरचा तो पांढरा चिकट थर अडकलेला असतो. त्यामुळे उगाच ‘रेफर’ येतो आणि घरचे घाबरतात. नॉर्मल प्रसूतीत घरी सोडण्याच्या आधी, शक्यतो ४८ तासांच्या आसपास करा. सिझेरियनची बाळं चार-पाच दिवस असतातच, त्यांचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा. या बाळांचे कान मोकळे व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. डिस्चार्जच्या सकाळी गडबडीत करायचं टाळा. बिल भरायला गेलेला बाप, खाली उभी रिक्षा आणि दुपट्यात गुंडाळून निघालेलं बाळ, या अवस्थेत कुणाचंही ओएई नीट होत नाही.

खोली शांत हवी. वॉर्डात हे होणं अवघड, पण कोपऱ्यातली स्टोअररूम, भिंतीला गाद्या टेकवलेली जागा, काहीही चालेल. पंखा बंद, एसी बंद, मोबाईल बाहेर, दार लावलेलं. नळाची तोटी गळत असेल तर तीही बघा. मायक्रोफोन शोधत असतो तो आवाज इतका बारीक आहे की बाळ जोरात श्वास घेत असलं तरी मशीन ‘नॉइज’ दाखवतं.

बाळ पोटभर प्यालेलं, ढेकर काढलेलं, लंगोट बदललेलं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असावं. पाजल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी जी गाढ झोप लागते ती तुमची वेळ. आईच्या मांडीवर झोपलं असेल तर तिथेच करा, उगाच टेबलावर नेऊ नका. चोखणारं बाळ चालत नाही, कारण जबडा हलला की कानाची नळीही हलते.

हात कसा चालवायचा

आधी कान डोळ्यांनी बघा. पाळी वेडीवाकडी आहे का, नळीच नाही का, कानापुढे छोटं छिद्र किंवा मांसाचा तुकडा आहे का, टाळू फाटलेला आहे का, कपाळावर पांढऱ्या केसांची बट आहे का. नळी बंद असेल तर त्या कानात प्रोब घालण्यात अर्थ नाही. ते बाळ थेट ईएनटी आणि बेराकडे. दुसरा कान चांगला दिसत असला तरी तेच.

मग तेलाची चौकशी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी अंग रगडल्यावर कानांत दोन थेंब तेल सोडतात, काही घरांत तर रोज. पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न नसतो, पण दुसऱ्या तपासणीला येणाऱ्या बाळांत तो हटकून असतो. तेल आणि त्यावर बसलेली पावडर प्रोबचं भोक बंद करतात. पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: ‘आजी, अंगाला हवं तेवढं तेल लावा, कानात आणि नाकात मात्र एक थेंबही नको.’ एएबीआर करायचं असेल तर कपाळाचं तेल आणि तीटही पुसावी लागते; इलेक्ट्रोड नेमका तिथेच लावायचा असतो आणि तेलकट कातडीवर तो धरत नाही. तीट पुसताना आजीला आधी विचारा. तपासणी झाल्यावर परत लावा म्हटलं की कुणी अडवत नाही.

प्रोबच्या टोकावर बसवायच्या मऊ टिपचा आकार निवडताना नवखे लोक हमखास लहान घेतात. बाळ एवढंसं आहे म्हणून सगळ्यांत छोटी टिप. ती आत सहज जाते, पण बाजूने फट राहते, बाहेरचा आवाज आत शिरतो आणि खालच्या फ्रीक्वेन्सीचा आवाज निसटतो. टिपने नळीचं तोंड पूर्ण भरलं पाहिजे. शंका असेल तर एक नंबर मोठी लावून बघा.

घालायची पद्धत अशी. बाळ कुशीवर, तपासायचा कान वर. एका हाताने पाळी हलकेच खाली आणि मागे ओढा. मोठ्या माणसात वर ओढतात, बाळात उलट. नवजात बाळाच्या नळीला अजून हाड धरलेलं नसतं. ती मऊ आणि चपटी असते. ओढल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही. प्रोब बाळाच्या नाकाच्या दिशेने, किंचित फिरवत आत द्या. मग हात काढा. प्रोब धरून ठेवायचा मोह सोडा, कारण तुमच्या बोटांचा थरथराटही मायक्रोफोन पकडतो. हात काढल्यावर प्रोब पडला तर तो बसलाच नव्हता. केबल बाळाच्या कपड्याला क्लिपने अडकवा, तिचं वजन प्रोबवर यायला नको.

मशीन आधी प्रोब नीट बसला का ते तपासतं, मग चाचणी सुरू करतं. डीपी प्रकारच्या (एका वेळी दोन सूर सोडणाऱ्या) स्क्रीनिंग मशीनमध्ये साधारण २, ३, ४ आणि ५ किलोहर्ट्झ असे चार टप्पे असतात. त्यांतल्या तिनांवर आवाज गोंगाटापेक्षा ६ डेसिबलने वर आला तर पास, अशी सेटिंग बऱ्याच ठिकाणी ठेवलेली असते. तुमच्या मशीनवर काय आहे ते एकदा उघडून पाहा. शांत बाळाचा एक कान मिनिटाच्या आत होतो.

दोन्ही कान करा. एक पास झाला म्हणून दुसरा सोडू नका. निकाल लगेच लिहा, उजवा आणि डावा वेगळा. ‘ओके’ असं लिहू नका.

रेफर आला तर

घाबरू नका, आणि पुन्हा पुन्हा बटणही दाबू नका. क्रमाने बघा. प्रोब काढा, टिपचं टोक उजेडात धरा. बरेचदा भोकात पांढरट लगदा अडकलेला दिसतो. टिप बदला, प्रोबचं टोक पुसा. कानाची पाळी दोन-तीनदा हलकेच ओढून सोडा, नळी मोकळी होते. बाळाला दुसऱ्या कुशीवर दहा मिनिटं झोपवा. मशीनवर शंका असेल तर स्वतःच्या कानात घालून बघा. सकाळी काम सुरू करताना रोज हे करावंच. तुमच्या चांगल्या कानात रेफर आला तर दोष बाळाचा नाही.

एवढं करून त्याच कानाला आणखी एकदा चाचणी द्या. तरीही रेफर आला तर थांबा. आठ-दहा वेळा बटण दाबलं की कधीतरी योगायोगानेच पास उमटतो, आणि त्या पासावर विसंबून खरोखर ऐकू न येणारं बाळ घरी जातं. मोठ्या रुग्णालयातही मी हे पाहिलं आहे. त्यामागे कामचुकारपणा नसतो, आईच्या चेहऱ्याकडे बघून वाटणारी दया असते. पण त्या दयेची किंमत ते मूल भरतं.

घरच्यांशी बोलणं

‘नापास’, ‘फेल’, ‘बहिरं’ यांतला एकही शब्द इथे वापरायचा नाही. आणि ‘काही नाही हो, होतं असं’ हेसुद्धा नाही. पहिल्याने घर हादरतं, दुसऱ्याने ते परत येत नाही. मी साधारण असं बोलते:

‘ताई, बाळाच्या उजव्या कानाची तपासणी आज पूर्ण पास झालेली नाही. बऱ्याच बाळांचं पहिल्यांदा असं होतं, कान ओला असला तरी होतं. पण खरंच ऐकायला कमी येत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण आत्ता कळलं तर पुष्कळ करता येतं. म्हणून पहिल्या लसीला याल त्या दिवशी परत बघायचं. तारीख कार्डावर लिहिली आहे.’

हे फक्त बाळंतिणीला सांगून उपयोग नाही. ती दमलेली असते, आणि कुठे जायचं याचा निर्णय तिच्या हातात नसतो. बाळाच्या वडिलांना आणि दोन्ही आज्यांपैकी जी हजर असेल तिला एकत्र बसवून सांगा. आजी म्हणणार, ‘अहो, काल भांडं पडलं तर केवढं दचकलं!’ तिला खोडून काढू नका. ‘बरोबर आहे आजी, मोठा आवाज ऐकत असेल. आपण बघतोय ते बारीक आवाज ऐकू येतो का,’ एवढं म्हणा. आजी एकदा तुमच्या बाजूला आली की दुसरी तपासणी चुकत नाही.

बाळंतिणीला नंतर एकटीला गाठून एक वाक्य वेगळं सांगा: यात तुझी काही चूक नाही. ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं, अशा गोष्टी तिला घरात ऐकवल्या जाण्याची शक्यता असते.

दुसरी फेरी

१-३-६ प्रमाणे दुसरी तपासणी महिन्याच्या आत व्हायला हवी. बाळ जवळच्याच गावात असेल तर दोन-तीन आठवड्यांनी बोलवा. पण आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, असं अनेक घरांत पाळतात. मग सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंटची लस ही सर्वांत भरवशाची तारीख. तीही चुकली तर दहा आठवड्यांची लस आहे. त्यापुढे मात्र थांबू नका.

लस टोचायच्या आधी ओएई करा, नंतर नाही. टोचल्यावर बाळ रडतं आणि तासभर काही होत नाही. दुसऱ्या वेळी एकाच कानाचा रेफर असला तरी दोन्ही कान परत तपासा. दुसऱ्यांदाही रेफर आला, मग तो एका कानाचा का असेना, तर तिसऱ्यांदा ओएईसाठी बोलवू नका. आता बेरा.

बेरा, म्हणजे निदान

बेरा म्हणजे एएबीआरचीच सविस्तर आवृत्ती. इथे ऑडिओलॉजिस्ट वेगवेगळ्या मोठेपणाचे आणि वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे आवाज देऊन प्रत्येक कानाला किती डेसिबलपासून ऐकू येतं, म्हणजे थ्रेशोल्ड, याचा अंदाज काढतात. सोबत मधल्या कानाची टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का याची तपासणी होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती १००० हर्ट्झच्या टोनने करावी लागते. मोठ्यांसाठीचा २२६ हर्ट्झचा टोन फसवं उत्तर देतो. पाठवण्याआधी त्या केंद्राला फोन करून ही सोय आहे का ते विचारून घ्या.

तीन महिन्यांच्या आत पाठवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बाळ आपल्या आपण झोपतं. पुढे मोठं झालं की झोपेचं औषध द्यावं लागतं, त्यासाठी डॉक्टर हजर लागतात, आणि औषध म्हटलं की घरचे पुन्हा कचरतात. आईला सांगा: बाळाला गाडीत झोपू देऊ नका, तिथे पोहोचल्यावर पाजा, आदल्या संध्याकाळी डोकं धुऊन स्वच्छ ठेवा, त्या दिवशी तेल नको.

कुठे पाठवायचं? सरकारी वाटेने जायचं तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झाली. या कार्यक्रमात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत बहिरेपण आहेच, त्यामुळे संदर्भचिठ्ठी देताना कार्यक्रमाचं नाव घाला. मुंबईच्या जवळपास असाल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ती १९८३ पासून याच कामात आहे. खाजगीत जाणाऱ्यांना ‘बेरा करा’ एवढं मोघम सांगू नका. ‘लहान बाळाचा, दोन्ही कानांचा, थ्रेशोल्डसकट’ असं लिहून द्या.

पास झालेल्यांवरही लक्ष ठेवायचं

पासचा अर्थ आजच्या दिवशी कॉक्लियाचं काम ठीक दिसलं, इतकाच. सौम्य दोष, फक्त खालच्या फ्रीक्वेन्सीचा दोष यांत निसटू शकतो. काही दोष नंतर उद्भवतात. पुढीलपैकी काही असेल तर कार्डावर लाल पेनने खूण करा आणि नऊ महिन्यांचं होईपर्यंत पूर्ण तपासणीसाठी पाठवा: घरात कुणाला लहानपणापासून ऐकू कमी, काचेत पाच दिवसांपेक्षा जास्त, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं पाच दिवसांहून अधिक, रक्त बदलावं लागलेली कावीळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, गरोदरपणी रुबेला किंवा टॉक्सोप्लाझ्मा, चेहऱ्याची किंवा कानाची वेगळी घडण.

दोन गोष्टींत नऊ महिनेही थांबायचं नसतं. मेंदूज्वर झालेल्या बाळाचा बेरा बरं झाल्याबरोबर करून घ्यायचा, कारण मेंदूज्वरानंतर कॉक्लियात हाड धरू लागतं आणि पुढे कॉक्लिअर इम्प्लांटची (कॉक्लियात शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची) गरज पडली तर तो बसवणं अवघड होतं. दुसरी गोष्ट सीएमव्हीची, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसची. हा विषाणू पोटातच लागला का, हे लाळेच्या किंवा लघवीच्या तपासणीतून पहिल्या एकवीस दिवसांतच खात्रीने सांगता येतं. ओएई रेफर आलेलं बाळ वजनाने फार कमी किंवा डोक्याने लहान असेल तर बालरोगतज्ज्ञांना याची आठवण करून द्या. एकवीस दिवस उलटल्यावर ती संधी गेली.

आणि आई स्वतःहून म्हणाली की ‘मला वाटतं याला ऐकू येत नाही’, तर जुना पासचा कागद तिच्या तोंडावर धरू नका. परत तपासा. सहा महिन्यांचं बाळ मागून हाक मारली की वळत नाही, दहा महिन्यांचं होऊनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू नाही, वर्षाचं होऊन नावाला ओ देत नाही, ही कारणं पुरेशी आहेत.

निदान झाल्यावर

हा भाग ऑडिओलॉजिस्टचा, पण घरचे प्रश्न तुम्हालाच विचारणार, म्हणून थोडक्यात. हिअरिंग एड महिन्या-दोन महिन्यांच्या बाळालाही लावता येतं. कानामागे बसणारंच घ्यायचं. कानात घालायचा साचा बाळ वाढतं तसा सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा लागतो. तो सैल झाला की शिट्टी वाजते, आणि ‘मशीन खराब’ म्हणून लोक कपाटात ठेवून देतात. तीव्र दोषात हिअरिंग एडचा पुरेसा फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार वर्षाच्या आसपास होतो. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते आणि त्याचं काम वांद्र्याच्या त्याच संस्थेमार्फत चालतं. वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी बदलत असतात, तिथेच विचारलेलं बरं. दोन्ही कानांत मोठा दोष असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं.

यंत्र कुठलंही असो, पुढे रोजचं बोलणं आणि थेरपी लागतेच. काही घरं सांकेतिक भाषेची वाट घेतात. लहानपणी खुणा शिकल्या तर मूल बोलायचं नाही, ही भीती अनेक पालकांना घातलेली असते आणि तिला आधार नाही. बाळाला कुठली ना कुठली भाषा पहिल्या दिवसापासून पोहोचली पाहिजे, त्यात वाट बघणं परवडत नाही.

महिनाअखेरीचा हिशेब

रजिस्टर घेऊन बसा आणि चार आकडे काढा. किती बाळं जन्मली, किती तपासली, पहिल्या वेळी किती रेफर, त्यांतली किती परत आली. तपासलेल्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर हवं. दोन्ही फेऱ्या झाल्यावर निदानासाठी पाठवावी लागणारी बाळं चार टक्क्यांच्या आत असावीत. हा आकडा वर गेला तर बाळांत नव्हे, तुमच्या टिपमध्ये, खोलीत किंवा वेळेत काहीतरी बिघडलं आहे. अगदी शून्यावर आला तरी शंका घ्या, कुणीतरी बटण पुन्हा पुन्हा दाबत असेल.

चौथ्या आकड्यात जी बाळं कमी पडतात त्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्याच दिवशी फोन लावा. दुपारी दोन ते चार लावा, तेव्हा घरातली बाई फोन घेते. तीन फोनला उत्तर नसेल तर आशाताईंना कळवा; लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत ते बाळ त्यांना भेटतंच.

मशीन वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला जातं आणि दहा-पंधरा दिवस परत येत नाही. त्या दिवसांत जन्मलेल्या बाळांसाठी रजिस्टरमध्ये रकाना कोरा सोडू नका. ‘मशीन नव्हतं’ असं लिहा आणि त्यांच्या कार्डावर सहा आठवड्यांची तारीख टाका. मशीन परत आलं की पहिल्यांदा स्वतःच्या कानात घालून बघा, मग या बाळांची यादी काढा.